सिनॅप्सचे मॉडेल : रसायन सुटते, पण आवरले जात नाही

कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी आम्ही सिनॅप्सचे, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांध्याचे, हे फायबरचे मॉडेल मागवले. टेबलावर मावणारे आणि भाग सुटे करता येणारे हे मॉडेल दोन हजारांच्या आत मिळते, हे लक्षात घेता ते परवडण्याजोगे आहे.

त्यातील चेताक्षाचे, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशीच्या लांब तंतूचे, टोक फारच विचारपूर्वक घडवलेले आहे. विद्युत संदेश टोकाशी पोहोचला की कॅल्शियमची द्वारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि पुटिका, म्हणजे रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या, पेशीपटलाला जुळून आपल्यातील रसायन दोन पेशींमधल्या फटीत रिते करतात. हा सारा क्रम चुंबकाने चिकटणाऱ्या पुटिकांमुळे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी करून पाहता येतो. पुटिका उघडली की आतले सगळे मणी एकदमच पडतात, आणि ते योग्यच आहे, कारण रसायन असे ठरावीक मापानेच सुटते हे शास्त्रज्ञ बर्नार्ड कॅट्झ यांनी १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिले होते.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र निराशा होते. मेंदूतील सिनॅप्सची फट सुमारे २० नॅनोमीटर आणि पुटिका सुमारे ४० नॅनोमीटर असते, तर येथे फट चार बोटे रुंद आणि पुटिका बोराएवढ्या आहेत. त्यामुळे संदेशाला लागणारा अर्ध्या मिलिसेकंदाचा विलंब फट ओलांडण्यातच जातो असा मुलांचा समज होतो. वस्तुतः त्यातील बहुतेक वेळ द्वारे उघडून रसायन सुटेपर्यंत जातो.

त्याहून मोठी उणीव पुढच्या टप्प्यात आहे. मणी पुढच्या पेशीवरील रिसेप्टरच्या, म्हणजे रसायन ओळखणाऱ्या रेणूंच्या, खाचांत बसतात आणि तेथेच राहतात. माहितीपत्रकात रसायनाचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन दिले आहे, पण त्याचे विघटन करणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज या विकराला (एन्झाइमला) मॉडेलमध्ये जागाच नाही. ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. मग साचलेल्या रसायनामुळे लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि अखेरीस श्वास थांबू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत आलेल्या कीटकनाशकांत याच गटातील मोनोक्रोटोफॉस होते. ज्या वर्गात फवारणीला जाणाऱ्यांची मुले बसतात, तेथे हा भाग वगळून कसे चालेल?

खाचेत घट्ट बसणारी एखादी जादा खुंटी दिली असती, तर नागाचे विष रिसेप्टर कसे अडवते हेही दाखवता आले असते. लेबले इंग्रजीत असून त्यांचा गोंद कमकुवत आहे, पण ती तक्रार किरकोळ.

रसायन कसे सुटते हे शिकवण्यासाठी मॉडेल जरूर घ्यावे. विकराचा आकार आम्ही जाड पुठ्ठ्यातून कापून फटीत बसवला आहे. पुढील आवृत्तीत उत्पादकांनी मणी दोन तुकड्यांत सुटणारे केले, तर अ‍ॅसिटेट आणि कोलीन वेगळे होऊन कोलीन पुन्हा चेताक्षात परतते, एवढेही त्याच टेबलावर करून दाखवता येईल.