पडक्या घरांची माती आणि अर्ध्या मिलिमीटरची चाळणी

ओसाड वस्तीतल्या मातीत तणांचं बी अजून जिवंत आहे का, हे बघायला मी ही स्टीलची चाळणी घेतली. जाळी ०.५ मिलिमीटरची. चाकवताचं बी मिलिमीटरभराहून थोडं मोठं, म्हणून ते वर राहतं आणि चिकणमाती पाण्याबरोबर निघून जाते. जाळी अजून ताठ आहे, कुठे फाटली नाही.

पडक्या भिंतीलगतची हातभर खोलवरची माती धुतली. उरलेला गाळ भाजलेल्या वाळूवर पातळ पसरून उजेडात ठेवला. शेजारी नुसत्या वाळूचा ट्रे, वाऱ्याने आलेलं बी ओळखता यावं म्हणून. हा दुसरा ट्रे कुणीही टाळू नये! बाराव्या दिवशी पहिल्यात चाकवताची नऊ रोपं आली, दुसऱ्यात एकही नाही. मी कितीतरी वेळ तिथेच बसून होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बाटल्यांत पुरलेलं बी २०२१ मध्ये उगवलं, हे वाचलं होतं. पण स्वतःच्या ट्रेत हिरवं पाहणं वेगळंच.

खोट एकच. कडेच्या सांध्यात बी अडकतं. प्रत्येक नमुन्यानंतर दातांच्या ब्रशने तिथे घासा, नाहीतर एका घराचं बी दुसऱ्या घराच्या नावावर जाईल.