फायर डिपार्टमेंट शहराचं ठेवावं की काउंटीत विलीन करावं?

दक्षिण कॅलिफोर्नियात ज्यांनी घर घेतलंय आणि ज्यांना तिथे मतदानाचा हक्क आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. शहराने आपलं अग्निशमन दल बंद करून काम काउंटीकडे (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे) किंवा प्रादेशिक यंत्रणेकडे सोपवावं का, हा विषय तिथल्या सिटी कौन्सिलमध्ये पुन्हा पुन्हा निघतो. मुंबई-पुण्यात दल महापालिकेचं, गोव्यात अख्ख्या राज्याला एकच संचालनालय. दोन्ही पद्धती आपल्या ओळखीच्या आहेत. कॅलिफोर्नियात शहराला निवड करता येते. ज्या शहराचा जमाखर्च धड आहे, त्याने आपलं दल हातचं सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विलीनीकरणाची बाजू मांडणारे सुरुवात करतात ती मदत पोचायला लागणाऱ्या वेळेपासून. पण कुठलं स्टेशन तुमच्या घराजवळ आहे, हे विलीनीकरणाने बदलत नाही. बहुतेक वेळा तीच इमारत, तोच बंब आणि बरेचसे तेच जवान राहतात. गणवेशावरचं बोधचिन्ह बदलतं. तेव्हा विचारायचं ते हे की बंबावर माणसं किती. धुराने भरलेल्या घरात दोघे शिरले तर बाहेर दोघे सज्ज हवेत, असा कामगार सुरक्षेचा नियम आहे. तीन जणांचा बंब आधी पोचला तर दुसरी गाडी येईपर्यंत आत शिरता येत नाही. आत कोणी अडकल्याचं दिसत असेल तरच सूट. चौघांचा बंब लगेच कामाला लागतो. काही शहरांची दलं इथे कमी पडतात हे खरं आहे, आणि तुमचं शहर त्यात असेल तर ते आधी दुरुस्त करायला हवं.

मोठ्या यंत्रणेची जमेची बाजू खरीच मोठी आहे. अनेक शहरांचं अग्निशमन एकत्र सांभाळणाऱ्या ऑरेंज काउंटी फायर अथॉरिटीकडे स्वतःची हेलिकॉप्टर आहेत, घातक रसायनांसाठी वेगळं पथक आहे, वणव्यासाठी प्रशिक्षित तुकड्या आहेत. एकट्या शहराला हे सगळं परवडणार नाही. मात्र कॅलिफोर्नियात परस्पर मदतीचा करार १९५० पासून आहे. मोठी आग लागली की शेजारच्या गाड्या येतातच, आणि अनेक ठिकाणी हद्द न पाहता सर्वांत जवळची गाडी पाठवली जाते. हेलिकॉप्टरसाठी अख्खं दल देऊन टाकायची गरज नसते.

पैशाचा मामला जरा बारकाईने पाहायला हवा. काउंटीचा प्रस्ताव आला की एक वार्षिक आकडा पुढे ठेवतात आणि शहराच्या सध्याच्या खर्चाशी ताडून बचत दाखवतात. त्या तुलनेत जुन्या पेन्शनची देणी सहज झाकली जातात. शहराचे जवान बहुधा राज्याच्या कॅलपर्स या पेन्शन फंडात असतात. ते दुसऱ्या यंत्रणेत गेले तरी तोपर्यंतच्या नोकरीची थकलेली रक्कम शहराच्याच डोक्यावर राहते. म्हणजे नवं बिल सुरू होतं आणि जुनं संपत नाही.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची. ऑरेंज काउंटी फायर अथॉरिटी १९९५ मध्ये संयुक्त प्राधिकरण म्हणून उभी राहिली. तिच्या संचालक मंडळावर २३ शहरांचा प्रत्येकी एक आणि काउंटीचे दोन, असे २५ जण बसतात. तीन लाखांवर वस्तीच्या आयर्व्हाइनला एक मत आणि सहा हजारांच्या आसपास वस्तीच्या व्हिला पार्कलाही एकच. काही शहरं कंत्राटाचे पैसे आपल्या तिजोरीतून भरतात. आयर्व्हाइनसारख्या शहरांत मात्र मालमत्ता कराचा एक वाटा थेट अथॉरिटीकडे वळतो, आणि मालमत्तांच्या किमती वाढल्या की तो वाटाही फुगतो. आपण देतो त्या मानाने आपल्याला मिळत नाही, ही तक्रार आयर्व्हाइनमध्ये जुनी आहे.

सॅन बर्नार्डिनोची गोष्ट वेगळी. तिथलं दल १८७८ पासूनचं. २०१२ मध्ये शहराचं दिवाळं निघालं आणि २०१६ च्या जुलैत दल काउंटीकडे गेलं. सोबत प्रत्येक भूखंडावर वार्षिक शुल्क आलं. २०१८ च्या सुमारास ते १५७ डॉलरच्या घरात होतं आणि दरवर्षी ३ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा होती. यासाठी मतदान झालं नाही. अशा सामिलीकरणात किमान २५ टक्के मतदारांनी किंवा जमीनमालकांनी लेखी हरकत नोंदवली तरच निवडणूक घ्यावी लागते. टपालाने आलेली नोटीस ज्यांनी उघडली नाही, त्यांची संमतीच धरली जाते. तरीही दिवाळखोर शहराने दुसरं काय करायला हवं होतं, हे मला सांगता येणार नाही. तिजोरीच रिकामी असेल तर स्वतंत्र दलाचा आग्रह लोकांच्या जिवावर बेततो.

परतीचा रस्ताही आहे, पण खडतर. प्लॅसेन्शिया शहराने ऑरेंज काउंटीची अथॉरिटी सोडून १ जुलै २०२० ला स्वतःचं दल सुरू केलं. शून्यातून भरती, गाड्या, अधिकारी सगळं उभं करावं लागलं, आणि खर्च आवरायला पॅरामेडिकचं, म्हणजे जागेवर तातडीचे उपचार करण्याचं काम खासगी रुग्णवाहिका कंपनीला दिलं. फायरमनच्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. बहुतांश कॉल आगीचे नसून छातीत दुखणं, पडणं, अपघात यांचेच असतात, त्यामुळे ती टीका हलक्यात घेण्यासारखी नाही. एकदा मोडलेलं दल पुन्हा बांधायला काय पडतं, ते इथे दिसतं. सांता आना (२०१२) आणि गार्डन ग्रोव्ह (२०१९) यांनी आपली दलं अथॉरिटीकडे दिली, ती परत उभी करायची तर हेच सोसावं लागेल.

मधला मार्ग मला सर्वांत पटतो. ॲनाहाइममधलं मेट्रो नेट हे एकच डिस्पॅच केंद्र अनेक शहरांचे कॉल घेऊन गाड्या पाठवतं. ब्रेआ आणि फुलर्टन यांनी २०११ पासून कित्येक वर्षं वरिष्ठ अधिकारी एकत्र वापरले आणि स्टेशनं आपापलीच ठेवली. कोस्टा मेसाने अथॉरिटीत जाण्याचा विचार केला, मग आपलंच दल नव्याने रचलं. महागाच्या गोष्टी वाटून घ्यायच्या, पण बंब, जवान आणि अंदाजपत्रक आपल्या कौन्सिलच्या हाती ठेवायचं.

तुमच्या शहरात प्रस्ताव आला तर बैठकीआधी तीन कागद मागा: प्रत्येक बंबावर आज किती जण आहेत आणि करारानंतर किती राहतील, पेन्शनची थकबाकी कोणाच्या नावावर पडणार, आणि करार किती वर्षांच्या नोटिशीने मोडता येतो, मोडला तर स्टेशनं आणि गाड्या कोणाकडे राहतात. तिसऱ्या कागदावर सही-शिक्क्यानिशी उत्तर मिळत नसेल तर नकार द्या.