केशराला शेणखत की विद्राव्य खत? दोन बहरांनंतरचा अनुभव

आमची मूळ शेती द्राक्षाची, निफाड तालुक्यातली. काश्मीरमधल्या पांपोरहून केशराचे कंद आणून खोलीत, एसी लावून, लाकडी ट्रेमध्ये मांडले त्याला आता दोन बहर झाले. "केशराला काय टाकता?" हे इतके जण विचारतात की एकदाच सविस्तर लिहितो.

फुलासाठी काहीच टाकायचं नसतं. कंद ट्रेमध्ये कोरडा पडलेला असतो, ना माती ना पाणी, आणि तरी ऑक्टोबरअखेर त्यातून जांभळं फूल वर येतं. ही सगळी आधीच्या हिवाळ्याची शिदोरी. फुलं खुडली की कंद मातीत लावायचे. मग पात वाढते, एप्रिलच्या सुमाराला वाळते, आणि तोवर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवे कंद बसलेले असतात. खत लागतं ते या महिन्यांत, आणि त्याचा निकाल कळतो थेट पुढच्या दिवाळीला. मला हे पहिला हंगाम गेल्यावर उमगलं.

पहिल्या वर्षी दोन वाफे केले. एकात शेणखत, गांडूळखत आणि निंबोळी पेंड. दुसऱ्यात द्राक्षाच्या सवयीने १९:१९:१९, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत, तेही सढळ हाताने. जानेवारीत हा दुसरा वाफा असा काळाभोर हिरवा दिसायचा की लोक मुद्दाम बघायला यायचे. एप्रिलमध्ये उकरला तेव्हा काळजात धस्स झालं. कंद पुष्कळ, पण लसणाच्या पाकळीएवढे. आठ ग्रॅमच्या आतला कंद सहसा फुलत नाही, म्हणजे त्यातल्या बहुतेकांकडून त्या वर्षी आशा नव्हती. नत्राने पात पोसली, कंद नाही.

शेणखताच्या वाफ्यात कंद कमी, पण सुपारीपेक्षा मोठे, हाताला टणक. आमच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं. पांपोरच्या करेव्याची, म्हणजे तिथल्या उंच पठाराची, माती निचऱ्याची, तिथे हा त्रास कमी. इथे शेणखत आणि वाळूने माती मोकळी झाली, हाच मोठा फायदा मानतो. मात्र एका कोपऱ्यात घात झाला. वर्षभर कुजलेलं म्हणून विकत घेतलेलं शेणखत आतून अजून गरम होतं. तिथले कंद मऊ पडले, तपकिरी साल सोलली की आत कुजका वास. तेव्हापासून ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय ट्रॉली उतरवून घेत नाही.

आता दर्जाचं. दुसऱ्या बहरात दोन्ही वाफ्यांचं केशर वेगळं वाळवलं, वेगळ्या बरण्यांत भरलं. पांढऱ्या वाटीत कोमट पाणी घेऊन केशराच्या पाच-पाच काड्या, म्हणजे फुलातले लाल तंतू, टाकल्या. दोन्हींचा रंग सावकाश उतरला, काड्या लालच राहिल्या, पिवळेपणात मला फरक दिसला नाही. फरक होता तो काडीच्या लांबीत आणि फुलांच्या संख्येत, आणि एक ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात तिथे संख्या म्हणजेच पैसा. वासाचा फरक पडला तो वाळवण्याने. केशराचा कडवटपणा ज्या पिक्रोक्रोसिनमुळे असतो, त्यातूनच वाळताना सॅफ्रनल, म्हणजे सुगंध, तयार होतो. एका दिवसाची फुलं दुपारपर्यंत तशीच राहिली आणि काड्या उन्हात वाळवल्या. ती बरणी उघडली की वाळक्या गवतासारखा वास येतो. खत उत्तम होतं, तरीही.

त्यामुळे "सेंद्रियच खरं केशर" असं मी म्हणणार नाही आणि पिशवीवर केशराचं चित्र छापलेलं महागडं खतही घेणार नाही. आता पाया चांगल्या कुजलेल्या शेणखताचा, त्यात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. पात वाढीला लागली की ०:५२:३४ (स्फुरद आणि पालाश, नत्र नाही) अगदी हलकं, फेब्रुवारीत थोडं ०:०:५० (फक्त पालाश). नत्र शेणखतातून मिळेल तेवढंच.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी खतावर खर्च करण्याआधी कंद वजनकाट्यावर एकेक ठेवून घ्यावेत. पाच ग्रॅमचा कंद विकत घेतलात तर पहिल्या वर्षी फक्त पात बघायला मिळेल.