नऊ महिन्यांची वर्गणी आणि जुने मेमरी कार्ड

गाणी ऐकण्याच्या एका अ‍ॅपची वर्गणी मी गेले नऊ महिने भरत आहे. आवाजाच्या दर्जावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते हे, की तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याची चोरून भरलेल्या गाण्यांची सवय या वर्गणीने कितपत सुटली.

सवय जुनी होती. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे, आणि चहा पिऊन होईपर्यंत दोन-तीनशे गाणी त्यावर उतरलेली असत. त्यातला एकही रुपया गायक, वादक किंवा गीतकारापर्यंत पोहोचत नाही, याची बोचणी मला तेव्हाही होती. परंतु दहा गाण्यांच्या एका सीडीला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत आणि ती आणण्यासाठी जिल्ह्याचे गाव गाठावे लागे. अमेरिकेतील सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये भारतासह काही देशांतील पायरसीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मांडलेले मत मला अनुभवाने पटले आहे: ब्राझील, रशिया किंवा दक्षिण आफ्रिकेत स्थानिक उत्पन्नाच्या मानाने सीडीची किंमत अमेरिकेच्या पाच ते दहा पट पडत होती, म्हणून पायरसी हा मुळात किमतीचा प्रश्न होता.

आपल्याकडे हा धडा त्याआधीच गिरवला गेला होता. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने स्वस्त कॅसेटी किराणा दुकाने आणि पानटपऱ्यांपर्यंत नेल्या, तेव्हा चोरट्या प्रतीचा स्वस्तपणा हा एकमेव फायदा बराच कमी झाला. पुढे अ‍ॅपल म्युझिकने २०१५ मध्ये अमेरिकेत महिन्याला ९.९९ डॉलर आकारताना भारतात १२० रुपये ठेवले, आणि २०१९ मध्ये आलेल्या स्पॉटिफायने महिन्याला ११९ रुपये ठेवले. तरीही माझ्या मते खरा फरक महिन्याच्या दरापेक्षा दिवसाला ७ आणि आठवड्याला २५ रुपयांच्या छोट्या योजनांनी पडला, कारण हातात पैसे असतील तेव्हा थोडेसे खर्च करायचे हीच आमच्याकडची रीत आहे आणि मेमरी कार्डवालाही नेमके तेच देत होता. मीही आधी आठवड्याची योजना घेत होतो आणि पगार नियमित झाल्यावर महिन्याच्या वर्गणीकडे वळलो. यूपीआयमुळे क्रेडिट कार्ड लागले नाही, ही सोय दराइतकीच महत्त्वाची आहे.

तक्रारी दोन आहेत. पहिली लहान आहे: कुटुंबाच्या योजनेला सर्वांचा पत्ता एकच लागतो, त्यामुळे पुण्यात वसतिगृहात राहणारा मुलगा त्यातून वगळला गेला आणि त्याची वर्गणी वेगळी भरावी लागते.

दुसरी तक्रार गंभीर आहे. आमच्या भागातील तमाशा फडांचे वग, भारुडे आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या कॅसेटींतील शाहिरी मी या अ‍ॅपवर अनेकदा शोधली. काही लोकप्रिय लावण्या सापडल्या, पण वडील ऐकत ते पूर्ण लांबीचे वग मला मिळाले नाहीत. ज्याचा हक्क कोणाकडे आहे हेच बहुधा नोंदलेले नाही, ते विकत तरी कोण देणार? अशा ठिकाणी दर शून्यावर आणला तरी माणूस चोरट्या प्रतीकडेच जाईल, आणि त्या कलावंतांच्या वारसांना काहीच मिळणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वर्गणी मी पुढेही चालू ठेवणार आहे. गेल्या महिन्यात जुन्या कार्डावरील हिंदी चित्रपटगीतांचे आणि भावगीतांचे सगळे फोल्डर मी पुसून टाकले. वगांचा फोल्डर मात्र अजून तसाच आहे, आणि ते कार्ड वडिलांच्या उशाशी असलेल्या स्पीकरमध्ये घातलेले आहे.