प्लेराइट, दिवाळीचा सेल आणि पिनकोडचा एक खोका

प्लेराइट हे वेबसाइट आपोआप टेस्ट करणारं साधन फुकट आहे म्हणून घेतलं, हे आधीच सांगतो. पुण्यातली आमची छोटी टीम तयार कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाची वेबसाइट आणि अँड्रॉइड ॲप टेस्ट करते. त्यासाठी आधी भाड्याने फोन देणारी एक क्लाउड सेवा होती, बिल डॉलरमध्ये. मे २०२५ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी दर वाढवले. वर संध्याकाळी रिग्रेशन (जुन्या सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) लावायला बसावं तर हवा तो फोन रांगेत. तक्रार केली की सपोर्टचं ठरलेलं उत्तर यायचं: कॅशे क्लिअर करून पुन्हा प्रयत्न करा. अरे बाबा, फोन तुझा, कॅशे तुझा, मी काय क्लिअर करू? मॅनेजरनी बिल बघितलं आणि सेवा बंद केली. जून २०२५ पासून वेबसाइटचा सगळा भार प्लेराइटवर.

प्लेराइटची ओळख थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचं, २०२० मध्ये आलेलं, ओपन सोर्स. एकाच स्क्रिप्टवर क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट हे तिन्ही ब्राउझर चालतात. सेलेनियम या जुन्या साधनावर उमेदीची वर्षं घालवल्यामुळे दर दोन ओळींनंतर स्लीप (थोडं थांबायची आज्ञा) टाकायची सवय हाडात मुरली होती. ती पहिल्या पंधरवड्यात सुटली. बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का, क्लिक खरंच त्यालाच लागणार का, हे सगळं तपासूनच हे साधन क्लिक करतं. शॉपिंग साइटवर याचं मोल काय, ते कूपनच्या पॉपअपशी झुंजलेल्यालाच कळेल. आमच्याकडे एक सरकती ऑफर पट्टी लहान स्क्रीनवर ‘ऑर्डर करा’ बटणाचा खालचा अर्धा भाग झाकत होती. टेस्ट पडली आणि कुठला घटक मध्ये येऊन क्लिक खातोय, ते लॉगमध्ये नावानिशी लिहून आलं. डेव्हलपरचं ‘माझ्याकडे तर चालतंय’ तिथंच संपलं, कारण ट्रेस फाइल उघडली की प्रत्येक पायरीला पान कसं होतं ते समोर दिसतं.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले (शून्य रुपयांचे का होईना) ते सप्टेंबरात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचा जीएसटी बदलला: नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. टेस्टरच्या दृष्टीने ही मेजवानी. २,४९९, २,५००, २,५०१ असे कुर्ते बनवले, प्रत्येकावर कूपन लावून आणि न लावता टेस्ट पळवली. २,६०० चा कुर्ता कूपनने २,४०० ला आला, तर कर २,४०० वर आणि तोही ५ टक्क्यांनी लागायला हवा. बिलात बरोबर होतं. कार्ट मात्र आधी कर ठरवून मग कूपन वजा करत होतं. म्हणजे गिऱ्हाइकाला १८ टक्के दाखवून पळवून लावायचं आणि जो टिकेल त्याला ५ टक्क्यांचं बिल द्यायचं. हाताने हे शोधायला किती वेळ गेला असता, विचारू नका. त्या रात्री मी याला पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो.

मग दिवाळीच्या सेलमध्ये सांगलीहून आत्याचा फोन आला. “अरे, तुमचं दुकान म्हणतंय सांगलीचा पिनकोड चुकीचा आहे. जन्म गेला माझा इथं!”

“आत्या, स्क्रीनशॉट पाठव,” म्हटलं. ४१६४१६, सहाच्या सहा आकडे बरोबर. खाली लाल अक्षरांत ‘कृपया वैध पिनकोड टाका’. मग नीट बघितलं. आत्याच्या फोनवर कीबोर्ड मराठी. नाव मराठीत, पत्ता मराठीत, आणि त्याच ओघात पिनकोडचे आकडेही देवनागरी.

आता यातली गंमत बघा. वेबसाइटवरची तपासणी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतली. तिथं रेगेक्समधला (मजकुराचा साचा तपासायच्या सूत्रातला) ‘बॅकस्लॅश डी’, म्हणजे ‘इथं आकडा हवा’ ही खूण, फक्त शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच ओळखतो, देवनागरी चार त्याच्या लेखी आकडाच नाही. आमचा सर्व्हर पायथन या दुसऱ्या भाषेतला. पायथन ३ मध्ये तोच ‘बॅकस्लॅश डी’ देवनागरी आकडेही निमूट स्वीकारतो, आणि इंट फंक्शनला देवनागरी ४१६४१६ दिलं तर त्याची व्यवस्थित संख्या करून देतो. वेबसाइटने नाकारलं म्हणून आत्याने ॲपवरून ऑर्डर केली. ॲपने फक्त सहा अक्षरं मोजली, सर्व्हरने मान डोलावली, डेटाबेसात देवनागरी मजकूर जसाच्या तसा गेला, आणि तिथून कुरियरच्या सिस्टीमने तो परत फेकला. पैसे कापले गेले, ऑर्डर ‘प्रक्रियेत’. एकच बाई, एकच पत्ता, तीन ठिकाणी तीन निकाल.

आणि प्लेराइट? हिरवंगार. सगळ्या टेस्ट पास. कारण त्याची ‘फिल’ ही रकाना भरायची आज्ञा मजकूर थेट पानावरच्या खोक्यात ठेवते, कुठलाही कीबोर्ड उघडत नाही. त्यातलं मोबाइल एम्युलेशन म्हणजे स्क्रीनचा आकार, टच आणि ब्राउझरची ओळख बदलणं. त्यात आत्याचा फोन नाही, तिचा कीबोर्ड नाही. खरं तर देवनागरी आकडे स्क्रिप्टमधून टाकता येतात, आता टाकतोच. पण तसं काही टाकावं हे सुचायला आधी कुणीतरी खऱ्या फोनवर मराठीत पत्ता लिहावा लागतो. पुण्यातल्या ऑफिसात तो सगळे इंग्रजीतच लिहितात.

पिनकोडच्या बाबतीत तर हे जास्तच झोंबतं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि तिच्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. मराठी माणसाने बसवलेली सहा आकड्यांची पद्धत, आणि मराठी आकड्यांत लिहिली की चुकीची! (जाता जाता: सांगलीचा पिनकोड टेस्ट डेटा म्हणून एकटा वापरू नका. पहिले तीन आणि शेवटचे तीन सारखेच, अदलाबदल झाली तरी कळत नाही. सोबत ४०३ वाला गोव्याचा एखादा ठेवा.)

त्या प्रकरणानंतर रेटिंग पाचावरून तीनवर आणलं. यूपीआयचीही तीच कथा: पैसे भरायला दुसरं ॲप उघडतं, परत येताना नेटवर्क जातं, दुकानाला निरोप पोचत नाही. दुकानदाराला पुष्टी न मिळालेले यूपीआयचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. पण तोवर गिऱ्हाईक दुकानालाच शिव्या घालणार. हा प्रवास प्लेराइटच्या आवाक्याबाहेरचा, त्याला हातात फोनच लागतो.

तीनवरून पुन्हा चारवर कसं आलं, तेही सांगतो. ‘कार्टमध्ये मी टाकलं तेवढंच असावं’ अशी एक फालतू वाटणारी टेस्ट जुलैत लिहून ठेवली होती. नोव्हेंबरात ती अचानक पडली. मार्केटिंगवाल्यांनी गिफ्ट पॅकिंगची खूण आधीच करून ठेवली होती, बिलात ४९ रुपये जादा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ डार्क पॅटर्न (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीचे प्रकार) आहेत, त्यातला हा सरळसरळ टोपलीत गुपचूप माल सरकवण्याचा प्रकार. टेस्टचा निकाल जोडून मेल केला, दुपारपर्यंत खूण गेली.

घ्यावं का? घ्याच. पण वाचलेल्या डॉलरमधून एक जुना, कमी रॅमचा अँड्रॉइड फोन विकत घ्या, त्यावर मराठी कीबोर्ड मुख्य ठेवा आणि दर रिलीजला एक ऑर्डर शेवटपर्यंत हाताने करा. आमचा फोन सेकंडहँड आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते, तरी त्या भाड्याच्या रांगेपेक्षा बरा.

पिनकोडचं काय झालं? सर्व्हरवर देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेणारी कोडची एक ओळ जोडली गेली. खोक्याला आकड्यांचा कीपॅड उघडायला लावायचं तिकीट (डेव्हलपरसाठी कामाची नोंद) मात्र ‘लो प्रायॉरिटी’ म्हणून अजून पडून आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपीच्या खोक्यांत तोच घोळ आहे, त्यांची तिकिटं सोमवारी टाकतोय, आत्याचा स्क्रीनशॉट जोडून.