पाचशे ग्रॅमचं एक निळं पाकीट

काही महिने मी ज्याला भेटत होते, त्याचा गेल्या रविवारी मेसेज आला, आमचं थांबल्यावर दीड महिन्याने. "त्या दिवशी केलेल्या स्पॅगेटीचं नाव काय होतं गं? नागपुरात शोधतोय." मी निळ्या पाकिटाचा फोटो पाठवून दिला. दे चेक्को, स्पॅगेटी क्रमांक १२. पण फोटोत सगळं मावत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. त्याच्यासाठी आणि ज्यांच्या घरी पास्त्याचा दर वेळी गोळा होतो त्यांच्यासाठीही.

या वर्षी उन्हाळ्यात मी एक आत्मकथन वाचत होते. न्यूयॉर्कमध्ये राहणारी, इटालियन वंशाची बाई. आयुष्यात आलेल्या पुरुषांबद्दल लिहिते आणि कुणाला काय करून घातलं त्याची कृतीही देते. चौतिसाव्या वर्षी, स्थळं आणि अ‍ॅप दोन्ही बघून झाल्यावर, मला ते फार जवळचं वाटलं. आपल्याकडे मुलीने पोहे करायचे ते परीक्षेसाठी. ही बाई रांधते ती तिला त्या माणसाला खाऊ घालावंसं वाटतं म्हणून. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून चौथ्या भेटीला त्याला घरी जेवायला बोलावलं.

पदार्थ ठरवला तो सगळ्यात साधा, आल्यो ए ओल्यो. लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, पार्सली आणि स्पॅगेटी. नेपल्सच्या भागातला हा पदार्थ, मुळात चीजसुद्धा नाही. पण साध्या पदार्थात लपायला जागा नसते, हे मला आधीच्या वर्षी कळलं होतं. तेव्हा स्वस्तातलं एक पाकीट आणलं होतं. सात मिनिटांत स्पॅगेटी बाहेरून गिळगिळीत आणि आतून पिठूळ झाली. तेल सगळं ताटलीच्या तळाशी उतरलं आणि वर कोरडी दोरखंडं. लसणीत, तेलात काही चूक नव्हती. म्हणून या वेळी पुण्याच्या कॅम्पातून हे पाकीट आणलं. नेहमीच्या देशी पाकिटाच्या दुपटीहून जास्त पैसे पडले.

दे चेक्को ही १८८६ सालची कंपनी. गाव फारा सान मार्तिनो, इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात, मायेल्ला डोंगराच्या पायथ्याशी. पाकिटावर गव्हाच्या पेंढ्या घेतलेली मुलगी आहे. आत ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, बाकी काही नाही. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे की तिथे बनवून तिथेच विकायचा सुका पास्ता ड्युरम रव्याचाच हवा. हा ड्युरम आपल्याला परका नाही. शिऱ्याला आपण जो बन्सी रवा आणतो, तो याच जातीच्या गव्हाचा.

खरा फरक पुढे आहे. हे लोक पीठ ब्राँझच्या साच्यातून दाबून काढतात. टेफ्लॉन लावलेल्या साच्यातून काडी गुळगुळीत, चकचकीत बाहेर पडते. ब्राँझमधून पडते ती खरखरीत, किंचित पांढुरकी, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी. कच्ची काडी बोटांत फिरवून बघा, लगेच कळतं. मग ती कमी तापमानाला, सावकाश वाळवतात. घाईने कडक उष्णतेत वाळवलेल्या पास्त्याचा रंग जास्त पिवळा होतो. हिचा रंग फिकट, सायीच्या जवळचा आहे. मी आता दुकानात पाकिटाच्या पारदर्शक भागातून आधी रंगच बघते.

पाचशे ग्रॅमपैकी पहिले शंभर एकटीने करून बघितले. पाहुण्यावर प्रयोग नको होता. इटालियन हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. मी मात्र मीठ सातच ग्रॅम घालते, कारण याच पाण्यातलं थोडं पुढे तव्यात जातं. काड्या मोडायच्या नाहीत. पातेल्यात उभ्या सोडल्या की अर्ध्या मिनिटात स्वतःच वाकून खाली बसतात.

लसणीचं मात्र आपल्या सवयीच्या उलट. आपण तेल कडकडीत तापवून लसूण टाकतो, चुरचुर आवाज आला की फोडणी झाली. इथे लसणीचे पातळ काप थंड तेलातच घालायचे आणि मंद आचेवर ठेवायचे. कडेने बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि वास घरभर हळूहळू पसरतो. काप फिक्या सोनेरी रंगावर आले की गॅस बंद. आपल्याला आवडतो तो तांबूस रंग इथे आला तर सगळं तेल कडू होतं. दोन माणसांना चार मोठ्या पाकळ्या. मिरची मी संकेश्वरी घेतली, एकच, बिया काढून. पार्सलीऐवजी एकदा कोथिंबीर घातली होती. चव चांगली होती, पण पदार्थ वेगळाच झाला, म्हणून पार्सलीच शोधा. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये मिळते.

पाकिटावर बारा मिनिटं लिहिलंय, दाताला लागेल अशी हवी तर दहा. मी नवव्या मिनिटाला चिमट्याने उचलून थेट लसणीच्या तव्यात टाकली आणि वर पळीभर शिजवणीचं पाणी. इथेच या पास्त्याचे पैसे वसूल होतात. खरखरीत काडीतून पाण्यात भरपूर पिष्ट उतरतं. ते पाणी ढगाळ, पेजेसारखं दिसतं. तवा हलवत दोन मिनिटं ढवळत राहिलं की तेल आणि पाणी एक होतं, दाटसर होतं, प्रत्येक काडीला चिकटून राहतं. ताटलीत तेलाचं तळं उरत नाही. आधीच्या पाकिटाने मला हे कधीच करू दिलं नव्हतं. काडी मध्यभागी घट्ट राहिली, दाताखाली हलकासा विरोध करणारी. शेवटच्या घासापर्यंत ती तशीच होती.

दुसरे दोनशे ग्रॅम त्या शनिवारी झाले. तो लसूण सोलायला बसला. मी तवा हलवत असताना त्याने ताटल्या गरम पाण्याने धुऊन पुसून ठेवल्या, मी न सांगता. आम्ही फार बोललो नाही, पण जेवण चांगलं झालं. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "यात चार गोष्टी आहेत आणि चारही कळतायत." याहून नेमकं मी या स्पॅगेटीबद्दल लिहू शकत नाही. पुढे दोन महिन्यांनी आमचं थांबलं. दोघांना वेगळं आयुष्य हवं होतं, आणि ते आम्ही समोरासमोर बसून नीट बोललो. ते जेवण माझ्या मनात अजून तसंच चांगलं आहे.

तुम्ही भरपूर टोमॅटो, भाज्या आणि वर चीज घालून भट्टीत भाजणार असाल, तर इतके पैसे घालू नका, फरक झाकला जाईल. लहान मुलांना मऊ लागतो, त्यांनाही साधा चालतो. पण तेल-लसूण, चीज-मिरी, लोणी अशा मोजक्या गोष्टींचा पास्ता करायचा असेल तर हाच घ्या.

उरलेले दोनशे ग्रॅम आई मिरजेहून आली तेव्हा केले. तिने कच्ची काडी हातात घेतली, नखाने खरवडली, दातांनी मोडून बघितली. मग म्हणाली, "सावलीत वाळवलेली दिसते." त्यांच्याकडे बन्सी गव्हाच्या शेवया करायचे, यंत्र खाटेला अडकवून, पितळेच्या जाळीतून. त्या काठ्यांवर घालून घरातच वाळवायच्या. कडक उन्हात ठेवल्या की तडकतात आणि शिजताना तुकडे होतात, असं आजी सांगायची. मी तिला ब्राँझच्या साच्याचं आणि सावकाश वाळवण्याचं सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलंच नाही.

जेवताना तिने विचारलं, "त्याला करून घातलं होतंस तेच ना हे?"

"तेच."

"मग मला कृती लिहून दे. आणि दोन पाकिटं आणून ठेव, जाताना नेईन."