संधिवातात शेक, करंट, स्प्लिंट की व्यायाम?

कापूस वेचणीच्या दिवसांत फिजिओकडे येणाऱ्या बायांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, करंट किती दिवस घ्यावा लागंल?" गुडघ्याच्या झिजेचं वेगळं. इथे मी बोलतेय ती रुमेटॉइड आर्थ्रायटिसबद्दल, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात त्याबद्दल. दोन्ही हातांची पेरं, मनगटं सुजतात आणि सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. या आजारात करंट, म्हणजे मशीनने दिलेला हलका वीजप्रवाह, किती दिवस घ्यायचा, त्याआधी तो घ्यावा का, हे विचारा. बीड-परभणीच्या खेड्यातून शहरातल्या दवाखान्यात यायचं तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं, तरी त्या दिवसाची मजुरी बुडतेच. म्हणून कशासाठी यायचं आणि काय घरी करायचं, हे आधी ठरलेलं बरं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. खाली लिहिलेल्या एकाही उपायाने आजार थांबत नाही. तो आवरतात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. फिजिओथेरपी सुरू केली म्हणून त्या बंद करू नका.

शेकाचा गुण लगेच येतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. दवाखान्यात वितळलेल्या मेणात हात बुडवून, गुंडाळून ठेवतात. आखडलेली बोटं मोकळी होतात, पण तेवढ्यापुरतीच. घरी सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या टोपात हात ठेवले तरी बरंचसं तेच काम होतं. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या गरम पाण्यानेही अंग सैल होईल, पण ताकद येणार नाही. आणि सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल तर त्याला गरम शेक नको. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

करंटच्या मशीनबद्दल माझं मत रुग्णांना रुचत नाही. टेन्स किंवा आयएफटी या करंटच्या मशीनने दुखणं काही वेळ दबतं, पण पकड वाढत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत नियमित व्यायामाची जोरदार शिफारस आहे, तर विजेच्या मशीनच्या उपचाराकडे कल नाही. रोज येऊन फक्त मशीन लावून घेण्यात पैसा आणि मजुरी घालवू नका, असंच मी सांगेन.

आता व्यायाम. "दुखतंय तर हात हलवायचा कसा?" ही भीती खरी आहे. पण न हलवलेला हात महिन्या-महिन्याने दुबळा होत जातो. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर झालेल्या 'सारा' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. थेरपिस्टच्या मोजक्या भेटी आणि बाकी रोजचा हाताचा व्यायाम घरी, अशी त्याची रीत होती. वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांचे हात कामाला जास्त चांगले चालत होते, आणि दुखणं वाढलं नव्हतं. दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या माणसाला हीच रीत परवडते.

त्यातला एक प्रकार बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा. आधी तर्जनी अंगठ्याकडे सरकवा, मग मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी. या आजारात बोटं करंगळीकडे कलत जातात. हा व्यायाम त्यांना उलट्या दिशेला नेतो. ओली साडी पिळताना बोटांवर नेमका करंगळीकडचा ताण येतो, म्हणून ती नळाला अडकवून दोन्ही तळव्यांनी दाबा किंवा न पिळताच वाळत टाका. हंडा बोटांवर पेलू नका, कडेवर घ्या किंवा दोघींनी मिळून उचला. विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करा. हा भाग कुठल्याही मशीनपेक्षा मोलाचा आहे, पण बिलात दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

व्यायाम केल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं, तर दुसऱ्या दिवशी तो कमी करा. पूर्ण सोडू नका. सूज भडकलेल्या दिवसांत जोर लावायचा नाही, सांधा फक्त हलका फिरवायचा.

स्प्लिंट, म्हणजे मनगटाला बांधायची आधाराची पट्टी, त्याच भडकलेल्या दिवसांसाठी आणि जड कामाच्या वेळी. मनगटाला आधार मिळतो, ठणका कमी होतो. दिवसभर बांधून ठेवली तर हात आखडतो. ती वाकडेपणा रोखेलच अशी खात्री मी देणार नाही.

मग निवड कशी करायची? सांधे शांत असतील तर दवाखान्याच्या भेटी व्यायाम शिकण्यासाठी वापरा आणि ठरावीक दिवसांनी तो तपासून घ्या. शेक व्यायामाच्या आधी, घरीच. फिजिओथेरपीसाठी घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी विचारा. सूज जोरात असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, व्यायाम वाढवणं नंतर.

गावात मान मोडून देणारे, हाड बसवणारे असतात. त्यांच्या हातात मान देऊ नका. या आजारात मानेचे वरचे सांधे सैल झालेले असू शकतात आणि एका झटक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मानदुखीसोबत हातापायात मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.